पडदा लावणे

दहा मिनिटं कुणी हात लावला नाही
की पडद्यावर बुडबुडे यायला हवेत.
एवढंच काम त्याचं.
दिवसा येतात.
रात्री अकरानंतर मात्र इनारीच्या वेधशाळेत
चुंबकीय क्षेत्राची हिरवी रेघ
काचेला आतून डाग पाडत बसते,
जागी, टक्क.

मला सांगितलं ते साफसफाईच्या हेल्व्हीनं.
"तुमचं मशीन झोपत नाही हो,"
शेजारणीच्या तान्ह्याबद्दल बोलावं तसं.

सेटिंग पाहिली: सहाशे सेकंद. बरोबर.
डीमन जिवंत होता.
मारला, पुन्हा उठवला, पुन्हा मारला.
क्रॉनमध्ये रात्रीचं काही लावलेलं नव्हतं.
लॉगमध्ये एकच ओळ, शेकडो वेळा:
वापरकर्ता सक्रिय.
वापरकर्ता सक्रिय.
कुठला वापरकर्ता?
रात्री इमारतीत असतात ते फक्त डास.

एरो म्हणाला, इस्मोचा आत्मा असेल.
इस्मो मेलेला नाही, मी म्हटलं,
इवालोच्या वृद्धाश्रमात आहे.
एरो म्हणाला, तेच.

मंगळवारी मी एका फाईलीतली एक ओळ बदलली.
त्या रात्री बुडबुडे आले.
बुधवारीही आले, रात्रभर, मुकाट्यानं.
मी हेलसिंकीला मेल टाकला,
तीन परिच्छेद, कारणमीमांसेसकट.
गुरुवारी आभाळ निवळलं
आणि रेघ पुन्हा जागी.
आभाळाचं तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.
आभाळ कुठल्याच फाईलीत नसतं.

शुक्रवारी इस्मोकडे गेले.
बावीस वर्षं तो त्या खुर्चीत बसला होता.
माझं नाव त्याला आठवेना,
रूटचा पासवर्ड तेवढा आठवत होता,
एकेक अक्षर, कॅपिटलसकट.
तो मी केव्हाच बदललाय, हे बोलले नाही.
विचारलं, रात्री पडदा नीट चालत नाही,
तू काय करायचास?
"पडदा लावायचो."
हो, पण कसा?
"हातानं."
मग नर्सनं सूप आणलं
आणि तो चमच्याकडे बघत राहिला.
परतीच्या गाडीत मी काचेला डोकं टेकलं.
गेलं सगळं ह्याच्यातून, म्हटलं,
गेलं.

त्या रात्री थर्मास घेऊन तिथंच बसले.
खुर्चीला अजून त्याच्या पाठीचा खळगा.
पाऊण वाजता
उत्तरेच्या खिडकीतून ऊन आडवं आत आलं.
जूनमध्ये इथं सूर्य मावळत नाही,
रानाच्या कडेला नुसता टेकतो
आणि पुन्हा कामाला लागतो.
ऊन टेबलावर चढलं,
माझा मग ओलांडून
माउसखालच्या जाळीदार पत्र्यावर पोचलं,
आणि पडद्यावरचा बाण थरथरला.
केसभर डावीकडे.
केसभर उजवीकडे.
माझे दोन्ही हात मांडीवर होते.

वर पाहिलं.
खिडकीवर पितळी दांडी,
दांडीवर नऊ रिकाम्या कड्या.
"तो निळा होय?" हेल्व्ही सकाळी म्हणाली,
"ईस्टरला धुवायला काढला, तर हातात चिंध्या आल्या.
मला वाटलं, इतक्या वर खिडकी,
कुणाला कोण दिसतंय."

मशीनच्या कपाळावर कंपनीचं नाव कोरलंय: सन.
सात वर्षं समोर बसून
ते मी त्या रात्री वाचलं.

लोकरी टोपी काढून माउसवर घातली.
सहाशे सेकंद मोजले, खरोखर मोजले,
तीनशेच्या पुढे एकदा चुकले.
मग खालच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा निघाला,
त्यामागे दुसरा,
आणि ती रेघ हळूहळू
डोळा मिटावा तशी गेली.

हेलसिंकीला नवा मेल, एका ओळीचा:
पडदा लावला आहे.
त्यांना काय समजायचं ते समजू दे.

मंगळवारी बदललेली ती ओळ
मात्र तशीच राहू दिली आहे.
कोण जाणे.